खेड्यातली पहिली नोकरी: स्वतःचा राग आणि समोरच्याचं मन सांभाळायला कसं शिकावं

गावातली बँकेची शाखा, ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, कापूस खरेदी केंद्र, सेवा सहकारी सोसायटी. विदर्भातल्या खेड्यात तुमची पहिली नेमणूक यांपैकी कुठेही झाली असली, तरी कामाचे नियम प्रशिक्षणात शिकवलेले असतात. समोर उभा असलेला कास्तकार आवाज चढवतो, म्हातारी बाई टेबलावर पासबुक आपटते, वरिष्ठ व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत झापतात, तेव्हा काय करायचं हे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही. पहिल्या सहा महिन्यांत नवा माणूस थकतो तो कामामुळे कमी आणि या प्रसंगांमुळे जास्त. म्हणून हा लेख.

स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना असे सांभाळण्याच्या कौशल्याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी केली आणि पुढे १९९७ मध्ये तिचे चार भाग सांगितले: भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करणं, ती कशातून आली आणि कुठे जाईल हे समजणं, आणि ती सांभाळणं. स्वभाव शांत असण्याशी याचा फारसा संबंध नाही. तापट माणूसही हे शिकू शकतो, कारण यातली प्रत्येक गोष्ट सरावाची आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा: तुमच्या टेबलावर फुटणारा राग बहुतेक वेळा वावरात, घरात किंवा एसटी स्टँडवर पेटलेला असतो. तो कुठून आला हे शोधण्याची सवय लागली की निम्मं काम सोपं होतं.

काय काय लागेल

- खिशात मावणारी, साधारण ४० पानांची वही. ती कार्यालयात उघडी ठेवायची नाही.
- भिंतीवरचं तारीख-तिथीचं कॅलेंडर. त्यावर गावचा आठवडी बाजार, जवळपासच्या गावांच्या जत्रा आणि शेवटच्या एसटीची वेळ पेनाने लिहून घ्या.
- टेबलासमोर दोन खुर्च्या आणि प्यायच्या पाण्याची सोय. मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आठ-दहा किलोमीटरवरून आलेल्या माणसाला उभ्याने समजावून सांगितलेलं डोक्यात शिरत नाही.
- तुमच्या कार्यालयातल्या सेवांची यादी: कोणत्या कामाला कोणती कागदपत्रं, किती दिवस, कुणाची सही. ही पाठ हवी. माहिती नसली की आपण घाबरतो, आणि घाबरलेला माणूस तुसडेपणाने बोलतो.
- कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. कशासाठी, ते पायरी ६ मध्ये येईल.

पायरी १: सात दिवस फक्त स्वतःची नोंद ठेवा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायला जाऊ नका. दिवसातून तीनदा, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, चहाला आणि घरी निघताना, वहीत चार गोष्टी लिहा: काय घडलं, शरीरात काय झालं, तोंडातून काय निघालं, पुढे काय झालं. नोंद अशी दिसावी:

"मंगळवार, ११.४०. पासबुक छापायचं मशीन बंद. एक काका तिसऱ्यांदा आले. कान तापले, जबडा आवळला. 'मी काय करू, मशीनले विचारा' असं म्हटलं. काका न बोलता निघून गेले."

लोकांची नावं लिहू नका. वही कुणाच्या हाती लागली तर गावभर होईल.

सात दिवसांनी वही वाचली की तुमच्या शरीराची खूण सापडेल. कुणाचे कान तापतात, कुणाचा आवाज आधी बारीक होतो, कुणी पेन दाबून धरतो, कुणाच्या पोटात गोळा येतो. राग तोंडात येण्याआधी ही खूण येते. मधले ते दोन-चार सेकंद हातात धरायचे आहेत.

वेळाही तपासा. सकाळी शांत असणारा माणूस दुपारी दीड वाजता, पोटात अन्न नसताना भडकत असेल, तर डबा एक वाजता खा. इतका साधा उपाय पुष्कळ वेळा पुरतो.

पायरी २: भावनेला नेमकं नाव द्या

"डोकं खराब झालं" एवढ्यावर थांबू नका. आपल्या भाषेत शब्दांची कमी नाही: वैताग, चीड, संताप, अपमान, धास्ती, हिरमोड, खजील होणं, कानकोंडं होणं, कोंडमारा, असूया, हळहळ. प्रत्येकाचा उपाय वेगळा. वैताग आला असेल तर पाच मिनिटं बाहेर उभं राहणं पुरतं. अपमान झाला असेल तर तो कुणाशी तरी बोलावा लागतो. धास्ती वाटत असेल तर माहिती घ्यावी लागते. सगळ्याला "राग" म्हटलं की उपाय चुकतो.

नाव दिल्याने भावनेचा जोरही कमी होतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चेहऱ्यावरची भावना शब्दांत सांगायला लावल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या, भीती आणि धोक्याला चटकन प्रतिसाद देणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. म्हणून मनातल्या मनात, पण पूर्ण वाक्यात म्हणा: "मला आता अपमान वाटतोय, कारण सरपंचांसमोर हे घडलं."

समोरच्याचेही शब्द ऐकायला शिका. वऱ्हाडात माणूस "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. "मन लागून नाई रायलं", "जिवाले घोर लागला", "झोपच येत नाई बावा", असं म्हणतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे झाडीबोली कानावर पडेल. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, यवतमाळच्या काही गावांत कोलामी. पुण्या-मुंबईकडून आला असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इथे बाईमाणूसही "मी येतो", "मी जातो" म्हणते, आणि "तू" हा शब्द कित्येकदा आपुलकीचा असतो. बोलीवर हसलात, तर पुढची दोन वर्षं कुणी मनातलं बोलणार नाही.

पायरी ३: एका मिनिटाचा थांबा

शरीराची खूण दिसली की हा क्रम:

- हातातलं पेन टेबलावर ठेवा.
- दोन्ही पाय जमिनीवर टेका.
- चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा. असे सहा श्वास म्हणजे एक मिनिट.
- पाण्याचे दोन घोट घ्या. समोरच्यालाही विचारा.

सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब हवा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. नवखे लोक इथे हमखास चुकतात. घाईघाईने मोठमोठे श्वास घेतात, मग चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात, आणि "हे आपल्याला जमत नाही" म्हणून सोडून देतात. श्वास सावकाश हवा, मोठा असण्याची गरज नाही. राग नसताना, घरी झोपण्याआधी, निदान पंधरा दिवस सराव करा. ऐन प्रसंगी पहिल्यांदा करून काही होत नाही.

समोर माणूस असेल आणि मिनिटभर गप्प बसणं विचित्र दिसत असेल, तर "एक मिनिट द्या, तुमचा कागद नीट वाचतो" म्हणा आणि खरंच वाचा.

राग गिळून चेहरा कोरा ठेवणं म्हणजे थांबणं नव्हे, ही वेगळी गोष्ट आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत असं दिसलं की भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याचा खटाटोप चालू असताना आतला ताण उतरत नाही, आणि त्या वेळी ऐकलेलंही कमी लक्षात राहतं. कोऱ्या चेहऱ्याने "हो, हो" करणारा कर्मचारी नंतर "काय म्हणत होते हो ते?" असं शेजाऱ्याला विचारतो, ते त्यामुळेच.

पायरी ४: समोरच्याचा हंगाम ओळखा

ही पायरी शहरात लागत नाही, इथे सगळ्यात जास्त लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गावाचं वर्ष लिहून काढा.

मार्चमध्ये वसुलीच्या नोटिसा जातात. गुढीपाडव्याला सालगड्यांचं साल बदलतं, तेव्हा रोकड लागते. एप्रिल-मे म्हणजे लग्नं, पाणीटंचाई आणि पीककर्जाच्या कागदांची धावपळ. मृगाच्या आधी पैसा हातात पडला नाही तर बियाणं उधारीवर घ्यावं लागतं, आणि उधारीचा भाव वेगळा असतो. जुलैत पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीची धास्ती. याच दिवसांत पूर्व विदर्भात धानाची रोवणी चाललेली असते, मजूर मिळत नाहीत, बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. त्या वेळी आरोग्य केंद्रातून "लसीकरणाला का आली नाही" असा प्रश्न कडक आवाजात गेला की पुढच्या खेपेलाही ती बाई येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन सोंगणीला आलेलं असताना पाऊस येतो. दिवाळीनंतर कापसाचा वेचा आणि भावाची वाट. मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली-गोंदियाकडे मोहफूल वेचायला पहाटे तीन-चारला घर सोडतात, त्यामागोमाग तेंदूपत्ता. मेळघाटात होळीला बाहेरगावी कामाला गेलेली माणसं परततात. वर्षभराची कागदी कामं त्या चार-पाच दिवसांत उरकायला ती तुमच्याकडे येतील. त्या आठवड्यात रजा घेऊ नका.

आता याचा वापर कसा करायचा? कुणी भडकलेला दिसला की मनात तीन प्रश्न विचारा. आज कोणता महिना आहे? याचं काम आज झालं नाही तर याचं काय अडतं? याची गाडी किती वाजताची आहे? तिसरा प्रश्न तोंडाने विचारा. "भाऊ, गाडी किती वाजताची हाय?" दुपारी तीन वाजता आरडाओरड करणारा माणूस बऱ्याचदा चारच्या शेवटच्या एसटीच्या धास्तीने ओरडत असतो. गाडी गेली तर रात्र स्टँडवर, किंवा दोन-तीनशे रुपये देऊन कुणाची तरी मोटरसायकल. रांगेतल्या बाकीच्यांना विचारून त्याचा कागद आधी घेतला तर कुणी हरकत घेत नाही. पण विचारून घ्या. न विचारता घेतला तर तो ओळखीचा आहे असाच अर्थ निघतो.

पायरी ५: ऐकायची रीत

ऐकणं म्हणजे काय, याची ठरावीक कृती आहे.

पहिली दीड मिनिटं मध्ये बोलू नका. संगणकाकडे पाहू नका. माणूस साधारण तेवढ्या वेळात मुख्य गोष्ट सांगून मोकळा होतो. मध्ये तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि वेळ दुप्पट जातो.

मग त्याचंच म्हणणं त्याच्याच शब्दांत परत सांगा. सल्ला नाही, खुलासा नाही, नियम नाही.

"साहेब, तीन चकरा झाल्या माह्या. दर खेपेले नवाच कागद सांगता. मजुरी बुडते आमची."

"म्हणजे तीन वेळा आलात, तिन्ही वेळा वेगळा कागद सांगितला, आणि तीन दिवसांची मजुरी गेली. बरोबर?"

"हो ना."

हा "हो ना" येईपर्यंत पुढे जायचं नाही. तो आला की आवाज आपोआप उतरतो, खांदे खाली येतात. चुकीचं समजलात तर तो दुरुस्त करेल, आणि तीही चांगलीच गोष्ट. त्यानंतर एकच प्रश्न विचारा: "यातलं आज सगळ्यात आधी काय व्हायला पाहिजे?"

"शांत व्हा", "ओरडू नका", "मी समजू शकतो" ही तीन वाक्यं टाळा. पहिल्या दोनांनी राग वाढतो. तिसरं खरं नसतं, आणि ते समोरच्याला कळतं.

हाक मारण्याचंही बघा. वयाने मोठा पुरुष काका किंवा बाबा, बरोबरीचा भाऊ, बाईंना मावशी किंवा ताई. "अहो बाई" रुक्ष वाटतं. नाव विचारताना आधी पहिलं नाव आणि गाव विचारा, आडनाव फॉर्मवर लिहायच्या वेळी. आडनाव ऐकून ज्याचा चेहरा बदलतो, त्याला गाव लगेच ओळखतं, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे सोसलंय ते तर क्षणात ओळखतात.

अंगठ्याच्या मशीनचा प्रसंग रोजचा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. निंदण, वेचणी, भांडी करून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा घेत नाही. "तुमचे ठसेच नाहीत" असं म्हटलं की म्हातारी ओशाळते, हात पदराखाली घेते. मागची रांग चुळबुळ करते, तसा तिचा हात थरथरू लागतो आणि ठसा आणखीच बिघडतो. दोष यंत्राला द्या: "मावशी, हे मशीन घेऊन नाई रायलं, आपण दुसरं बोट पाहू." काच कोरड्या कापडाने पुसा. हात धुऊन पुसायला सांगा. कोरड्या बोटाला किंचित ओल लागली तर कधी कधी ठसा उमटतो. दहाही बोटं वापरून पाहा. तरी जमलं नाही तर तुमच्याकडे दुसरी कोणती सोय आहे, डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवणं की मोबाइलवरचा ओटीपी, हे आधीच माहीत करून ठेवा. आणि तिला खुर्चीवर बसवून रांग पुढे न्या, मग पुन्हा बोलवा. पाच मिनिटं बसली की हात स्थिर होतो.

पायरी ६: नकार कसा द्यायचा

तुम्हाला दिवसातून अनेकदा "नाही" म्हणावं लागणार. नकाराला चार भाग असतात, याच क्रमाने: काय होणार नाही, का होणार नाही, आता काय करता येईल, कधी आणि कुणाकडे. नवा माणूस पहिला भाग बोलून थांबतो, किंवा घाबरून पहिला भागच गाळतो आणि "पाहू, उद्या या" म्हणतो. "उद्या या" हा सगळ्यात महागडा नकार आहे. त्याचं गाडीभाडं जातं, मजुरी जाते, आणि तिसऱ्या दिवशी तो तुमच्यावर तुटून पडतो, तेव्हा त्याचं काही चुकत नसतं.

कापूस खरेदी केंद्रावरचं उदाहरण घ्या. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो, ८ ते १२ टक्क्यांमध्ये त्या प्रमाणात भाव कमी होतो आणि १२ च्या वर कापूस घेत नाहीत. गाडी भाड्याची, रात्रभर रांगेत उभी, आणि यंत्र १४ दाखवतं.

असं बोलू नका: "ओला हाय, परत न्या."

असं बोला: "भाऊ, ही गाडी आज घेता येत नाही. हे यंत्र पाहा, १४ दाखवते. तुमच्यासमोर दुसऱ्या जागेवरून पुन्हा लावतो. बारापर्यंत चालते. ताडपत्रीवर पसरून दोन चांगली उन्हं द्या. पुढचा वेचा सकाळचं दव सुकल्यावरच करा. परत आणाल तेव्हा कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत यायचं ते चिठ्ठीवर लिहून देतो."

यंत्र त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांदा लावणं यातलं मुख्य. आपल्याला फसवलं जातंय हा संशय त्या नकाराहून जास्त जाळतो.

आता त्या चिठ्ठ्यांचं. प्रत्येक अपुऱ्या अर्जामागे एक चिठ्ठी द्या: राहिलेली सगळी कागदपत्रं एकाच वेळी लिहा, तारीख टाका, तुमचं नाव आणि टेबल लिहा. दोन मिनिटं लागतात. पुढच्या खेपेला टेबलावर दुसरा कर्मचारी असला तरी माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही.

सरकारी कार्यालयात असाल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वाचून काढा. अधिसूचित सेवेसाठी अर्जाची पोच द्यावी लागते, ठरलेल्या मुदतीत सेवा द्यावी लागते, नाकारली तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि अर्जदाराला ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत तर माणूस तुमचा शत्रू होत नाही. उलट "हा लपवत नाही" एवढा विश्वास बसतो.

पायरी ७: कार्यालयातली माणसं

शिपाई आणि जुने कारकून गावाची आणि कार्यालयाची सगळी नस जाणतात. पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारा: इथे मागच्या वर्षी कशावरून भांडणं झाली? त्यांच्या उत्तरात तुम्हाला अर्धा नकाशा मिळेल. उरलेला अर्धा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, कारण त्यांचंही कुणाशी तरी बिनसलेलं असतं.

गावात दोन गट असतातच. एकाच्या ओट्यावर रोज चहा घेतलात की दुसऱ्याच्या दृष्टीने तुम्ही त्या गटाचे झालात. चहा कार्यालयात घ्या, किंवा दोन्हीकडे सारखा.

वरिष्ठांनी ग्रुपवर झापलं तर ग्रुपवर उत्तर देऊ नका. "नोंद घेतली, सायंकाळपर्यंत माहिती देतो" एवढं लिहा. एक तास जाऊ द्या. मग खासगीत, आकड्यांसह बोला: किती काम होतं, किती झालं, कशामुळे अडलं, कोणती मदत हवी. सोमवारची सकाळ आणि व्हीडिओ बैठकीच्या आधीचा तास टाळा. त्या वेळी त्यांच्यावरही वरून दाब असतो.

महिन्यातून एकदा विश्वासातल्या एका सहकाऱ्याला विचारा: "मी लोकांशी बोलताना कुठे तुटक होतो?" उत्तर ऐकताना खुलासा देऊ नका. वहीत लिहा, आभार माना. खुलासा दिलात की पुढच्या महिन्यात खरं उत्तर मिळणार नाही.

पायरी ८: चुकलात तर

माफी त्याच दिवशी मागा, आणि अपमान जिथे झाला तिथेच मागा. चारचौघांत ओरडला असाल तर खासगीतली माफी अपुरी पडते. वाक्य छोटं ठेवा: "काका, सकाळी मी आवाज चढवला, ते चुकलं माझं. तुमचा अर्ज आता मी स्वतः लावून देतो." "पण तुम्हीही..." हे शब्द आले की माफी संपली.

पायरी ९: जड प्रसंग

विदर्भात काम करताना असा दिवस येऊ शकतो, की कर्जाची चौकशी करायला आलेला माणूस हळू आवाजात म्हणेल, "आता जगून तरी काय करू." हे वाक्य कधीही बोलण्याची रीत समजून सोडू नका.

- काम थांबवा, त्याला आतल्या खोलीत बसवा, सोबत बसा.
- सरळ विचारा: "जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो.
- "असं बोलू नये", "पोराबाळांकडे पाहा" असे उपदेश नकोत. ऐका.
- एकटं पाठवू नका. घरच्या माणसाला फोन करून बोलवा. घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते त्यांना विचारा आणि ते हलवायला, कुलपात ठेवायला सांगा.
- मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी फोनसेवेचा क्रमांक १४४१६ तुमच्या फोनवरून लावून द्या. तो चोवीस तास चालतो. आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही त्याच दिवशी कळवा.

घरात असा मृत्यू झाल्यावर पंचनाम्याला किंवा चौकशीला जावं लागलं, तर जमिनीवर त्यांच्या पातळीवर बसा. पहिला प्रश्न कर्जाच्या आकड्याचा नको. कोण उत्तरं देईल हे त्यांनाच ठरवू द्या. लागणारे सगळे प्रश्न आधी लिहून न्या आणि एकाच भेटीत संपवा. तीन कार्यालयांची तीन माणसं तोच प्रश्न पुन्हा विचारतात, तेव्हा त्या बाईला तो दिवस तीनदा जगावा लागतो.

अशा दिवशी घरी गेल्यावर तुम्हालाही झोप येणार नाही. एखाद्या जाणत्या सहकाऱ्याशी त्याच संध्याकाळी बोला, त्या कुटुंबाचं नाव न घेता. दोन आठवड्यांनंतरही झोप, भूक, चिडचिड पूर्ववत झाली नसेल तर १४४१६ हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

नवखे लोक कुठे अडकतात

सगळ्यात मोठा सापळा गोड बोलण्याचा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये, विमानातल्या सेविकांचं काम अभ्यासून, पगारासाठी चेहऱ्यावर भावना वागवण्यालाही श्रमच म्हटलं. वरवरचं हसू दिवसभर टिकवलं तर माणूस आतून रिकामा होतो. हसू येत नसेल तर हसू नका. नीट उत्तर द्या, तेवढं पुरतं.

दुसरा, दया येऊन आश्वासन देणं. "करून देतो मी" म्हणालात आणि अधिकार तुमच्याकडे नसेल, तर तो माणूस त्या शब्दावर सावकाराला तारीख देऊन बसतो. अधिकाराबाहेरचं काही बोलू नका.

तिसरा सापळा तुमच्यासाठी दुसरे लावतात. अश्लील बोलणं, नको तिथे हात लावणं, जातीवरून टोमणे, मारहाणीची धमकी, खोट्या सहीचा दबाव. "समजूतदारपणे घ्या, भावनेच्या भरात जाऊ नका" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. इथे श्वास मोजायचे नाहीत, तक्रार करायची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत, लेखी द्यायची. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. पायरी १ ची सवय इथे उपयोगी पडते.

किती दिवसांत काय दिसेल

महिन्याभरात शरीराची खूण ओळखता येते, पण तोंड अजून सुटतं. तीन महिन्यांत सुटायच्या आधी थांबता येतं, दहापैकी काही वेळा. सहा महिन्यांनी वही काढून मोजा: एकाच कामासाठी तिसऱ्यांदा यावं लागलेली माणसं आठवड्याला किती आहेत? हा आकडा कमी होत असेल तर काम बरोबर चाललंय. वाढत असेल तर पायरी ६ कडे परत जा, बहुतेक वेळा चिठ्ठ्या लिहिणं सुटलेलं असतं.

बदली झाली की कार्यभार सोपवताना शेवटचं एक पान नव्या माणसासाठी लिहा: शेवटची एसटी किती वाजता, बाजाराचा दिवस कोणता, गर्दीचे आठवडे कोणते, कोणत्या वाडीतल्या लोकांना कागद वाचून दाखवावा लागतो, ठसा न येणाऱ्यांसाठी काय सोय केलीय. कोण भांडखोर, कोण कटकट्या, हे त्यात लिहू नका. वही मात्र सोबत घेऊन जा.